कोठीचं कुलूप पोरांच्या दाराला

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. काळं पडलंय म्हणून हसू नका. गंजतं ते लोखंड. कोंडाबाईनं मला औरादच्या आठवडी बाजारात घेतलं. दुकानदाराला म्हणाली, "आधी दगडानं ठेचून बघू का?" त्यानं हातच जोडले.

वीस वर्षं मी तिची ज्वारीची कोठी राखली. दाणा इकडचा तिकडं झाला नाही. मग तिची सून वारली. लेक हैदराबादला गेला तो तिकडचाच झाला. मागं नातवंडं राहिली, सहा वर्षांची ज्योत्स्ना नि चार वर्षांचा नागसेन.

मे महिना, शाळा-अंगणवाडी बंद. कोंडाबाईला मजुरीवर तळ्यातला गाळ काढायला जाणं भाग. घरामागं कठडा नसलेली विहीर. पोरं कुणाकडं ठेवावीत, तर आयुष्यात तिनं कुणाला चिमूटभर मीठ मागितलं नव्हतं. तिनं मला कोठीवरून काढलं आणि घराच्या दाराला लावलं. पोरं आत.

पत्र्याचं घर. दुपारी नागसेन रडून रडून गप्प झाला. त्याचं ते गप्प होणं शेजारच्या सत्यभामाबाईनं ऐकलं. तिनं मुलांच्या मदतीच्या नंबरावर फोन केला आणि दगड घेऊन माझ्यावर तुटून पडली. मी उघडलं नाही. शेवटी तिनं कडीच उखडली, पोराच्या तोंडावर पाणी शिंपडून त्याला शुद्धीवर आणलं. मला आयुष्यात तेवढी एकदाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बिदरच्या बालसंरक्षण कार्यालयातून नेत्रावती मॅडम आल्या. "अज्जी, उद्या बालकल्याण समितीपुढं सांगायचंय. पोरं तुमच्याकडं ठेवून आम्ही देखरेख करायची, का बालगृहात न्यायची?"

कोंडाबाईनं पदर खोचला. "न्यायला काय शेळ्या हायत? आन् तुमच्या बालगृहाच्या फाटकाला कुलूप न्हाई व्हय?"

"हाय की. पर आत माणूस असतंय."

मॅडमनी वही उघडली.

"दिवसा पोरांजवळ कोण राहणार, तेवढं सांगा. न्हाईतर मला न्यावंच लागतंय."

ज्योत्स्नानं आजीचं लुगडं घट्ट धरलं. तशीच तिला घेऊन कोंडाबाई सत्यभामाबाईच्या दारात गेली आणि कडाडली, "फोन करायला तोंड व्हतं ना तुला, सत्यभामे? आता पोरं सांभाळायला हात दे!"

"कवाच दिला असता. मागितला कामून न्हाईस?"

समितीनं पोरं आजीकडंच ठेवली. मॅडम दर महिन्याला येतात, पोरांना बाजूला घेऊन विचारतात. कोंडाबाई कुरकुरते, पण चहा टाकते.

मी पुन्हा कोठीवर आहे. ज्वारी राखायला मला हजारदा बोलवा. पण मित्रांनो, घरात लेकरं असतील तर माझ्याकडं येऊ नका. शेजारणीचं दार वाजवा. तिनं उघडलं नाही तर पुढचं वाजवा. लाज वाटली तर वाटू द्या.