रविंद्र आला की दिवा लागतो

मनीषनगरातल्या देवरावांच्या फोटो स्टुडिओतला मोठा एलईडी दिवा माणूस ओळखत असावा. गिऱ्हाईक खुर्चीत बसून, हनुवटी वर करून हसायला लागलं की तो विझे. दुरुस्तीवाला रविंद्र आला की तासभर इमानदारीने उजेड देई. रविंद्रने आधी दिव्याला वीज पुरवणाऱ्या पेटीतला पंखा बदलला, मग पेटीच बदलली. दिवा आपल्या सवयीवर ठाम.

देवरावांचा मुलगा सौरव हिशेबी. त्याने जागेसाठी ज्यूस सेंटरवाला भाडेकरू पाहूनच ठेवला होता. शनिवारी कामठीचं एक कुटुंब फोटोला येणार होतं. त्यांच्यासमोरही दिवा गेला तर स्टुडिओ बंद, असा शब्द त्याने बापाकडून घेतला होता.

शनिवारी रविंद्र शेजारच्या सोसायटीत कामाला आला आणि फोन न करताच चहाला डोकावला. पेटीवर झालर लावलेलं, फुलाफुलांचं कापड घट्ट बसवलेलं होतं.

"काकू, हे काय हाय?"

"कव्हर होय," देवरावांच्या पत्नी कौशल्याबाई म्हणाल्या. फ्रिजला आहे, मिक्सरला आहे, रिमोटलाही आहे. एवढ्या महागाच्या पेटीनेच काय पाप केलं?

"मी आलो तवा तं कधी दिसलं नाही."

"तू येणार म्हटलं की काढून ठेवते ना. मळकं दिसते."

रविंद्र होता तिथेच खाली बसला. पंख्याचं तोंडच बांधलं तर पेटी तापणार, आणि जळू नये म्हणून आपणहून बंद होणार, हे त्याने पुन्हापुन्हा सांगितलं. देवरावांना पटेना, पंखा तर नवा होता. कौशल्याबाईंची शंका वेगळीच: आत धूळ गेली तर?

तेवढ्यात कामठीची मंडळी आली. कव्हर काढलं, दिवा लावला, आजीबाई मधोमध बसल्या. बराच वेळ झाला तरी उजेड हलेना. देवरावांच्या एका हातात कॅमेरा, दुसऱ्यात रविंद्रची बाही.

"तू बसून राय गा. तू गेला का हा जाते."

"जाऊ द्या त्याले, बाबा," सौरव म्हणाला. "मले तेच पाहायचं हाय."

रविंद्रची गाडी कोपऱ्यावरून वळली. कॅमेऱ्याकडे कोणीच पाहीना. देवरावांचं बघून अख्खं कुटुंब माना वळवून दिव्याकडे बघत बसलं. दिवा तसाच. शेवटी आजीबाईंनीच विचारलं, फोटो आमचा काढायचा आहे की याचा?

सौरव फोन घेऊन बाहेर गेला आणि त्याने ज्यूसवाल्याला दुसरी जागा पाहायला सांगितलं.