खांद्याचा स्टेक

सान्तो बेटावरच्या लुगनव्हिल गावी, तिथल्या कत्तलखान्यात ताबी सव्वीस वर्षं हाडं सोडवायचं काम करत होता. डोळे मिटून अख्खा बैल सुटा करील असा त्याचा हात. पण घरी आला की चुलीकडे ढुंकून पाहायचा नाही. दर शुक्रवारी कामगारांना उरलंसुरलं मांस स्वस्तात मिळायचं. मऊ, महागाचे तुकडे खोक्यांत भरून जहाजाने परदेशी जात, नाहीतर राजधानीच्या शहरात, विलाच्या हॉटेलांत. ताबीच्या पिशवीत यायचा तो खांदा, मान, मागची मांडी. त्याची बायको लेमारा ते नारळाच्या दुधात दोन-दोन तास रटरटवायची आणि भाताबरोबर घरचे सगळे चवीने खायचे.

मग गेल्या वर्षी मेहुणा आला.

कालसाकाऊ, लेमाराचा धाकटा भाऊ, विलातल्या एका मोठ्या हॉटेलात आचारी. आईला घेऊन चार दिवस राहायला आला होता. ताबीला हौस आली, आज पाहुण्यांना आपल्या हातचा स्टेक घालायचा. त्याने खांद्याचे जाड काप काढले, तव्यावर परतले आणि वाढले. कालसाकाऊने एक घास तोंडात घातला. चावला, चावला, या गालातून त्या गालात फिरवला आणि शेवटी सगळ्यांदेखत तळहातावर काढून ठेवला.

"दाजी, बैल वाढलात की कामावरचे गमबूट?"

सगळे खो खो हसले. शेजारून डोकावणारे दोघे-तिघेही हसले. हसली नाही ती फक्त म्हातारी सासू लेसोंगी, कारण तिच्या तोंडात तसाच घास अडकला होता. समोरचे चार दात, तेही हलणारे. तिने तो पाण्याबरोबर अख्खाच्या अख्खा गिळला आणि जावयाकडे न बघता भातावर वाकली. ताबीने ते पाहिलं. मेहुण्याचं बोलणं तो एखादवेळी विसरला असता, हे विसरला नाही.

यंदा ऑगस्टात कालसाकाऊचा फोन आला. "दाजी, आम्ही तीन आठवड्यांनी येतोय. तुम्ही कसलाही त्रास घेऊ नका हं. मी येतानाच हॉटेलातलं फिले आणतो, पाठीचं एकदम मऊ मांस."

"सान्तोचाच बैल," ताबी फोन ठेवून म्हणाला, "विला बघून परत सान्तोला येणार."

"तू का तोंड वाकडं करतोस? आयतं मिळतंय तर खावं," लेमारा म्हणाली.

"खाऊ की. पण मीही करणार आहे."

"परत?" तिने कपाळावर हात मारला.

पहिल्या शुक्रवारी त्याने अंगणातल्या पपईची पानं तोडली. पपईच्या चिकाने मांस मऊ पडतं हे बेटावर सगळ्यांनाच ठाऊक. पण किती वेळ ठेवायचं, ते बायका जाणत, ताबी नाही. त्याने मांडीचे तुकडे पानांत गुंडाळून रात्रभर ठेवले. सकाळी बोट लावलं तर बोट आत! तव्यावर टाकताच त्याचा लगदा झाला.

"आजाऱ्याची पेज केलीस होय?" लेमारा म्हणाली. कुत्र्याची मात्र चैन झाली.

दुसऱ्या शुक्रवारी त्याने मांडीचे काप बाटलीने हलके ठेचले, पानांत अर्धाच तास ठेवले आणि भाजून झाल्यावर धाग्यांना आडवे कापले. ते बरे जमले. लेमारा म्हणालीसुद्धा, "जमलं की रे!" पण खांद्याचं मांस काही केल्या वठेना. कडेचा घास मऊ लागायचा आणि मध्ये पोचलं की दात अडकायचे, जणू कुणी आत दोरखंड घालून ठेवलाय.

ते त्याच्या डोक्यातून जाईना. सोमवारी कामावर नेहमीसारखा एक खांदा पुढ्यात आला. फऱ्याचं हाड सोडवून तो मांस पुढे ढकलणार, एवढ्यात त्याचा हात थबकला. त्याने अंगठ्याने मांस चाचपलं. वर मऊ. खालीही मऊ. मधोमध मात्र एक पांढरा, जाड पडदा, या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा पसरलेला. सव्वीस वर्षं हा पडदा त्याच्या हाताखालून जात होता. पण त्याचं काम हाड काढायचं, पुढे मांसाचं कोण काय करतो याच्याशी त्याला कधी कर्तव्यच नव्हतं. घेणारे सगळे पडद्यासकट उभे काप काढायचे. म्हणून प्रत्येक कापात तो दोरखंड!

"ताबी, झोप लागली का?" मुकादम ओरडला.

"नाही," ताबी म्हणाला, "आत्ता जाग आली."

त्या शुक्रवारी त्याने घरी खांदा पाटावर आडवा ठेवला. सुरी सपाट धरून पडद्याच्या वरून सरकवली, मग उलटवून खालून. दोन लांबट, चपटे पट्टे अलगद सुटून आले आणि पडदा तेवढा हातात राहिला. मीठ चोळून तासभर ठेवलं. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवला. एका बाजूने तीन मिनिटं, दुसऱ्या बाजूने तीन, मग केळीच्या पानाखाली थोडा वेळ निवांत. शेवटी धाग्यांना आडवे पातळ काप.

लेमाराने उभ्या उभ्या एक काप तोंडात टाकला. मग ताटली उचलली आणि खाली बसली.

"खरं सांग. कुठून चोरलंस?"

ताबी इतका हसला की त्याला ठसका लागला.

पाहुणे शनिवारी दुपारी आले. कालसाकाऊच्या खांद्यावर बर्फाची पेटी, बगलेत गुंडाळलेल्या सुऱ्या. "दाजी, तुम्ही बसा. आज चूल माझी."

"अर्धी चूल तुझी," ताबी म्हणाला. "अर्धीवर मी."

"अरे बापरे! आई, दात सांभाळ गं!"

दोन तवे तापले. कुंपणापाशी शेजारपाजारचे जमले. कालसाकाऊ लोण्याचे गोळे सोडत होता, लसूण ठेचत होता, तवा झुलवत होता. बघत राहावं असंच काम. ताबीने मीठ लावलेले पट्टे टाकले आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

दोन्ही स्टेक लेसोंगीच्या ताटात पडले. तिने आधी लेकाचा खाल्ला आणि मान डोलावली. मग जावयाचा एक काप हिरड्यांवर घोळवला, चावला, गिळला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. जावयाशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून ती लेकीकडे वळली.

"लेमारा, त्याला विचार, अजून आहे का म्हणावं."

"आई, माझा घे ना," कालसाकाऊ म्हणाला.

"तुझा लोण्यासारखा झालाय रे बाळा. पण याला बैलाची चव आहे."

कुंपणापाशी एकच गलका झाला. कालसाकाऊने ताबीचा एक काप उचलला. चावता चावता त्याचं हसू मावळलं. त्याने दुसरा काप उजेडात धरला, धागे निरखले, तोही खाल्ला. होता मोठा बढाईखोर, पण खाण्याच्या बाबतीत खोटं बोलणारा नव्हता.

"दाजी, हा कुठला भाग?"

"खांदा."

"थट्टा नको. खांद्यात मधोमध तो पडदा असतो."

"असतो. काढला."

"काढला म्हणजे?"

ताबीने दुसरा खांदा आणून पाटावर ठेवला आणि एका दमात सोलून दाखवला. कालसाकाऊ बघतच राहिला. पंधरा वर्षं त्याच्याकडे मांस खोक्यांतून, कापून, बांधून यायचं. अख्खा खांदा त्याने कधी हातात धरलाच नव्हता.

"मला करू द्या," तो म्हणाला आणि बाह्या सारून पुढे झाला.

"जोर नको. पडदा दिसतो ना? त्याला टेकून चाल. अरे, अर्धं मांस त्यालाच चिकटवून ठेवलंस! आमच्या मुकादमाने तुला दुपारच्या आत घरी धाडलं असतं."

"दाजी, पुन्हा दाखवा ना."

"दाखवतो. आधी माझं ताट वाढ, सकाळपासून उपाशी आहे मी," ताबी म्हणाला आणि ऐसपैस मांडी घालून बसला. कालसाकाऊने स्वतःच्या हाताने त्याला वाढलं.