पहिल्या क्रमांकाचा अल्बम

मी एक जुना हेडफोन आहे, मित्रांनो. दोन गोल उशांचा, वायरवाला. उशांवरचे रेक्झिन सोलून निघाले आहे आणि डोक्यावरच्या पट्टीला चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. माझ्यासारख्यांची विचारपूस आता कोणी करत नाही, म्हणून माझी हकिगत मीच सांगतो.

एका कारखान्यात माझे सुटे भाग जोडले गेले. तिथल्या एका बाईने मला स्वतःच्या कानांना लावून तपासले आणि खोक्यात बंद केले. ते खोके उघडले छापखान्यात कागदांना घड्या घालणारे मशीन चालवणाऱ्या एका माणसाने. त्याची धाकटी बहीण त्याला दादा म्हणते, म्हणून मीही म्हणतो.

दादाला गाण्यांचे भारी वेड. नवा अल्बम आला, की पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत एकही न गाळता ऐकायचा. दरवर्षी अर्धे वर्ष सरले, की छापखान्यातल्या रद्दीच्या पाठकोऱ्या कागदावर तो 'या वर्षीचे आतापर्यंतचे आवडते' अशी पाच अल्बमची यादी करायचा. प्रत्येकापुढे दोन ओळी लिहून बहिणीला द्यायचा आणि मग दोघे त्या यादीवरून तावातावाने भांडायचे. "याच्यात तारेवर घासलेलं बोटसुद्धा ऐकू येतं," असे दादा माझ्याबद्दल सांगायचा. मी फुशारून जायचो.

मशीन दादाच्या डाव्या हाताला होते. त्याचा खडखडाट गाण्यावर कुरघोडी करायचा आणि दादा माझा आवाज चढवायचा. आवाजाची चकती माझ्याच अंगावर आहे. ती फिरली, की मी निमूटपणे ओरडायचो. कितीतरी वर्षे हेच चालले.

गेल्या हिवाळ्यात माझी डावी वायर आतून तुटली. त्या बाजूने हूं की चूं निघेना. आता आपली रवानगी कचऱ्यात, म्हणून मी धास्तावलो. पण दादाने चकार शब्द काढला नाही. रोज तसाच डोक्यावर चढवायचा. हा माणूस किती सांभाळून घेतो, असे वाटून मला भरून यायचे.

या वर्षीच्या यादीत पहिल्या क्रमांकापुढे दादाने लिहिले, 'ही बाई एकटीच गाते. प्रश्न विचारते आणि थांबते. उत्तर कुणीच देत नाही. एवढी शांतता ठेवायला धाडस लागतं.'

बहिणीने ते दोनदा वाचले. "दादा, एकटी कुठे? दुसरी बाई उत्तर देते की. प्रत्येक वेळी."

"काहीतरीच काय. वीसेक वेळा ऐकलाय मी."

तिने मला कानांवर चढवले आणि लगेच उतरवले. "अरे, याची डावी बाजू बंद आहे."

दादा हसला. त्याच्या जिवात जीव आला होता. "मग याचाच दोष."

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्या काकांनी दहा मिनिटांत वायर जोडली. बहिणीने ऐकून पाहिले, दोघी बायका स्वच्छ गात होत्या. मग दादाने मला घातले. डावीकडच्या बाईचे उत्तर मी जीव तोडून ऐकवले. दादा वाट पाहत राहिला.

"नीट जुळली नाही अजून," तो काकांना म्हणाला. काकांनी बहिणीकडे पाहिले. तिने मान खाली घातली.

दादा मला सांभाळून घेत नव्हता, हे मला तेव्हा कळले. माझी डावी बाजू गेल्याचे त्याला समजलेच नव्हते. त्याचा डावा कान जाण्यात मशीनइतकाच माझाही वाटा होता, आणि याची मला फार लाज वाटते. जे गेले ते परत येणार नाही, उजवा कान जपा, असे डॉक्टरांनी सांगितले.

दादाने यादी बदलली नाही. हल्ली तो हळू आवाजात एकदा मला सरळ घालून पहिली बाई ऐकतो आणि मग उलटा घालून दुसरी. "ही पण छान गाते गं," तो परवा बहिणीला म्हणाला. "दोघी एकदम कशा वाटतात?"

ती त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसली आणि प्रश्न आणि उत्तर दोन्ही स्वतःच गाऊन दाखवू लागली.

मित्रांनो, मला 'पुरे' म्हणता येत नाही. चकतीवरचे बोट तुमचे असते. ते वेळेवर आवरा.