वर न गेलेला हात

थोरल्या डॉक्टरांनी उभ्या हयातीत किती पोटं उघडली याचा हिशेब त्यांनाही सांगता यायचा नाही. त्यांच्या हातचा टाका मिरवणारे म्हातारे अजून आहेत, कुणी विचारलं नाही तरी शर्ट वर करून दाखवतात. पण आता थोरल्यांच्या तळमजल्यावरच्या खोलीत चिटपाखरू फिरकत नाही, आणि वरच्या मजल्यावर धाकट्या डॉक्टरांच्या दाराशी बाकं पुरत नाहीत. कारण काय, तर धाकटे पोट फाडत नाहीत. तोंडातून करंगळीएवढी जाड नळी घालतात, टोकाला दिवा आणि कॅमेरा, की आतलं सगळं समोरच्या पडद्यावर. माणूस सकाळी येतो आणि दुपारी घरी जाऊन जेवतो.

बरं, हा धाकटा कोण? थोरल्यांचाच चेला. गाठ कशी मारायची तेसुद्धा त्यांनीच शिकवलेलं. अशा पोराचं नाव झालं तर गुरूची छाती फुगायला हवी. थोरल्यांची फुगली नाही. ते जळत होते, सरळ सांगायचं तर, आणि चांगले जळत होते. जिन्यातून वर जाणारी प्रत्येक चप्पल त्यांना ऐकू यायची. त्यात सिस्टरही वर गेल्या. वर्षानुवर्षं ऑपरेशनच्या टेबलाशी थोरल्यांनी नुसता पंजा हलवावा आणि सिस्टरनी नेमकं हत्यार हातात ठेवावं, बोलायची गरजच नसे. त्या सिस्टर आता धाकट्याची नळी धुऊन पुसून टांगून ठेवतात, हे काही थोरल्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

आणि घशाखाली अन्नही उतरेना. वजन घटलं, चेहरा पांढरा पडला. महिनोन् महिने स्वतःच गोळ्या घेऊन रेटलं, शेवटी एक दिवस हात धुताना बेसिनपाशीच कोसळले. पोटात बघायला हवं होतं, आणि बघणारा इथे एकच होता.

"भूल नको," थोरले म्हणाले. "घशात फवारा मार, तेवढा पुरे. आणि पडदा इकडे वळव. मला दिसला पाहिजे."

"सर, त्रास होईल. झोपून जाल तर कळणारही नाही."

"मला कळायचंच आहे."

काय कळायचं होतं? पोरगा कुठे चुकतो ते. दुसरं काही नाही.

धाकट्यांनी वाद घातला नाही. "नळी आत असताना बोलता येणार नाही. काहीही वाटलं तर उजवा हात वर करा, मी लगेच थांबेन." थोरले डाव्या कुशीवर झाले, दातांत प्लॅस्टिकची कडी बसली. सिस्टर उशाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी थोरल्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला.

नळी उतरली. उमासे आले, डोळ्यांतून पाणी वाहिलं, पण थोरल्यांनी नजर हलवली नाही. पडद्यावर ओली गुलाबी भिंत सरकत होती. जठरात शिरता शिरता, वरच्या बाजूला घडीच्या आडोशाला, त्यांना एक चट्टा दिसला. फिकट, खरबरीत, कडा उचललेल्या. कॅन्सरचे असले चट्टे त्यांनी उघड्या पोटांत पुष्कळ पाहिले होते. नीट दिसतोय न दिसतोय तोच कॅमेरा पुढे निघून गेला.

हुकला.

थोरल्यांना जो आनंद झाला तो काय सांगावा. आजार गेला खड्ड्यात, पोरगा हुकला. ज्याच्यासाठी लोक जिना चढतात त्याला समोरची गोष्ट दिसली नाही. हात सवयीनं उचलला गेला, पोराची चूक दिसली की त्याला थांबवायची इतक्या वर्षांची सवय ती. त्यांनी तो परत खाली ठेवला. आता नाही. आधी याला सगळं नीट आहे म्हणून सांगू दे. मग दुसरीकडे जायचं, तिथून रोगाचं निदान लिहून आणायचं आणि याच्या टेबलावर सगळ्यांदेखत ठेवायचं. मनातल्या मनात त्यांनी ते ठेवलंसुद्धा. ते पोट आपलं आहे हे मध्ये एकदा आठवलं, नाही असं नाही. पण तो विचार त्यांनी बाजूला सारला.

नळी पार पुढच्या आतड्यापर्यंत जाऊन मागे आली. जठरात येताच धाकट्यांनी मूठ फिरवली, नळीनं मान उलटी वळवली आणि वर पाहिलं. पडदाभर तोच चट्टा.

"हा जातानाच दिसला होता, सर," धाकटे शांतपणे म्हणाले. "आधीच तुकडा घेतला असता तर रक्त आलं असतं, बाकीचं नीट बघता आलं नसतं. म्हणून शेवटी ठेवला." बारीक चिमटा नळीतून गेला आणि तुकडे काढून आला. सिस्टरनी ते बाटलीत घातले. थोरल्यांनी डोळे मिटून घेतले.

नंतर शेजारच्या खोलीत सिस्टर त्यांचं तोंड पुसत होत्या.

"सर, तुम्ही हात उचलला होता."

थोरल्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"मला तुमचा हात कळतो. उचललात आणि ठेवलात. का?"

घसा बधिर होता, शब्द जड येत होते. तरी ते खरं बोलले. "त्याचं चुकावं असं वाटलं."

"तुमच्या पोटात?"

"हो. माझ्याच पोटात."

सिस्टरनी रुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. तेवढ्यात धाकटे आले, स्टूल ओढून बसले. त्यांचा चेहरा उतरला होता आणि तो लपवायला त्यांना जमत नव्हतं.

"तपासणीचं येऊ दे, पण वरवरचंच असावं असं वाटतंय. तसं असलं तर कापावं लागणार नाही, नळीतूनच खरवडून काढता येईल. कुणाकडून काढून घ्यायचं ते तुम्ही ठरवा, सर. म्हणाल तिथे पाठवतो, मी स्वतः सोबत येतो."

थोरल्यांना त्या क्षणीही वाटलं, मेल्याला हेही येतं. त्यांनी त्याच्या बोटांकडे पाहिलं. गाठ मारायला त्यांनीच शिकवलेली बोटं ती.

"तूच काढ," ते म्हणाले. मग राहवलं नाही म्हणून पुढे जोडलं, "पण मी जागा राहणार. पडदा माझ्याकडे."

"नाही," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी थोरल्यांचा उजवा हात उचलून पांघरुणाखाली सारला. "या खेपेला झोपायचं. जागेपणी तुमचा भरवसा नाही."