ओट्याची उंची

मुलुंडला पाच रस्त्याच्या आतल्या गल्लीत माझं ऑफिस आहे. दोन टेबलं, एक प्रिंटर आणि लॅमिनेटच्या नमुन्यांनी वाकलेलं एक कपाट. एकोणीस वर्षं मी लोकांची घरं आतून सजवून देते आहे. पहिल्या भेटीला माणसं मोबाइल पुढे करतात. त्यात चाळीस फोटो असतात आणि त्यातल्या एकाही घरात कुणी राहत असल्याची खूण नसते. मी मोबाइल बाजूला ठेवायला सांगते आणि माझा फॉर्म काढते. घरात किती माणसं, कोण किती वाजता उठतं, चपलांचे जोड किती, गुडघे कुणाचे दुखतात, स्वयंपाक कोण करतं. लोक वैतागतात. वैतागू देत.

सुयोग वैतागला नाही. सदतीस वर्षांचा, पवईला एका कंपनीत नोकरीला. लहानाचा मोठा झाला भांडुपच्या टेंभीपाड्यातल्या चाळीत आणि आता मुलुंड पूर्वेला नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतलेला. बरोबर बायको श्रुतिका आणि आई वनमालाबाई. वडील धोंडू आले नव्हते. आधी गिरणीत आणि नंतर वॉचमन म्हणून उमेदीची सगळी वर्षं उभं राहिल्यावर आता ते घरातून हलत नाहीत, असं सुयोगने सांगितलं.

"स्वयंपाक कोण करतं?" मी विचारलं.

"आई," सुयोग म्हणाला. "आणि मॅडम, बाकी घर तुम्हाला पटेल तसं करा. मला एकच गोष्ट पाहिजे. ओटा आईच्या उंचीचा."

मग त्याने कारण सांगितलं. वनमालाबाई उंचीने जेमतेम चार फूट आठ इंच. चाळीतला ओटा गवंड्याने स्वतःच्या सोयीने घातलेला, चौतीस इंचांचा. त्यामुळे त्या अडतीस वर्षं पायाखाली लाकडी पाट घेऊन स्वयंपाक करत आल्या. सुयोग चौथीत असताना तो पाट सरकला आणि उकळत्या पेजेचं पातेलं त्यांच्या पायावर आलं. दीड महिना त्या लंगडत होत्या, पण जेवण चुकलं नाही. सुयोगने तेव्हाच ठरवलं होतं की आपलं घर झालं की आईला पाटावर चढू द्यायचं नाही. मला तो मुलगा मनापासून आवडला.

खरं सांगायचं तर मला अशी गिऱ्हाइकं मिळत नाहीत. ओट्याच्या उंचीचा हिशोब माझ्या खास अभिमानाचा विषय आहे. बिल्डर सरसकट सगळ्यांना एकाच उंचीचे ओटे देतो. मी जो रांधणार त्याला भिंतीशी उभं करते, कोपरात हात वाकवायला सांगते, जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावते आणि त्यातून पाच इंच वजा करते. वनमालाबाईंचं कोपर चौतीस इंचांवर आलं. ओटा एकोणतीस. मी फॉर्मवर आकडा लिहिला आणि त्याभोवती गोल काढला.

"खूप खाली नाही ना होणार?" श्रुतिकाने विचारलं. ती घाटकोपरला बँकेत आहे आणि चांगली उंच आहे. मग लगेच स्वतःच म्हणाली, "नाही, बरोबर आहे. किचन आईंचंच आहे."

वनमालाबाई नुसत्या हसल्या. त्यांना काय वाटतं ते मी विचारलं नाही. कोपर मोजलं तेवढं मला पुरेसं वाटलं.

पुढचे टप्पे ठरल्यासारखे झाले. लेआउटमध्ये फ्रिज तीन वेळा जागेवरून हलला आणि चौथ्यांदा मूळ जागी आला. धोंडूंच्या आरामखुर्चीसाठी खिडकीजवळची जागा राखली. थ्रीडीच्या चित्रांत आमच्या ऑफिसातला मुलगा हौसेने माणसं टाकतो. स्वयंपाकघरात त्याने एक बाई उभी केली, तर एकोणतीस इंचांच्या ओट्यासमोर ती वाकून काहीतरी शोधत असल्यासारखी दिसायला लागली. मी तिला काढून टाकायला सांगितलं आणि तिच्या जागी फळांची परडी ठेवली. सुयोगला चित्र पसंत पडलं. वनमालाबाईंनीही मान हलवली.

ग्रॅनाइट निवडायला आम्ही सगळे कुर्ल्याला गेलो. दुकानदाराने काळ्या लाद्यांवर पाणी मारून चमक दाखवली. वनमालाबाई एका लादीवरून हात फिरवत होत्या.

"किती वर्सां टिकता?" त्यांनी विचारलं.

"मावशी, नातवंडांची लग्नं होतील, तरी हा असाच असेल," दुकानदार म्हणाला.

त्यांनी हात काढून घेतला आणि पदराला पुसला. पाणी लागलं म्हणून पुसला असेल, असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या एकट्याच ऑफिसात आल्या. बस बदलत आल्या होत्या. मी चहा मागवला, पण त्यांनी तो घेतला नाही.

"मॅडम, एक काम होतां. ओट्याचा माप चुकला म्हणान सांगा."

"कुणाला?"

"सुयोगाक. सांगा, दगड कापून झालो, आता काय करूक येना नाय. छत्तीस-सदतीस करून टाका."

मला काही कळेना. छत्तीसच्या ओट्यावर त्यांचं कोपरसुद्धा पोचलं नसतं. तसं मी त्यांना म्हटलं.

"म्हणानच," त्या म्हणाल्या. मग खुर्चीत जरा पुढे सरकून त्यांनी मला सावकाश समजावलं, मला शिकवायचंच असल्यासारखं. "आता कसा आसा, पाटार उभी रवान माझे पाय दुखतत. दुखतत असा म्हटला, की श्रुतिका कधीतरी येता. आई, उतरा, मी करते, म्हणता. सुयोगसुद्धा दोनदा भाकऱ्यांका उभो रवलो. ओटो माझ्या मापाचो झालो की माझे पाय कशान दुखतले? आणि त्यांका वाकून रांधूचा लागतला. दहा मिनटात कंबर धरतली. मग कोण उभा रवतला?"

मी त्यांचा फॉर्म काढून गोलातला आकडा पाहिला.

"माका कंटाळो इलो, बाय," त्या म्हणाल्या. "सोळाव्या वर्सापासून रांधतंय. आता सासष्ट झाली. दगड तर नातवांच्या लग्नापर्यंत टिकतलो म्हणता तो दुकानदार."

"मग हे सुयोगला सांगा ना."

"काय सांगू? इतक्या मायेन करता तो. नको म्हटला तर त्याच्या तोंडाकडे बघूक होवचा नाय माका."

त्यावर मी जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. "वनमालाबाई, माझं माप चुकत नाही. माझं नाव खराब होईल," असं मी म्हणाले. त्यांनी बरं म्हटलं, पिशवी उचलली आणि निघून गेल्या. बसस्टॉप कुठे आहे तेही मी त्यांना दाखवलं नाही. संध्याकाळी सुयोगची सही झालेली ड्रॉइंग आली. ओटा एकोणतीस इंच.

ओट्याची रेघ मारायच्या दिवशी साइटवर सुयोग आणि वनमालाबाई दोघं हजर होते. रिकाम्या स्वयंपाकघरात सिमेंटचा वास होता आणि शिवदास मिस्त्री निळ्या पावडरीत दोरी बुडवून तयार होता. ही रेघ मी गिऱ्हाइकासमोरच मारते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं राहतं. कडप्पा, ग्रॅनाइट, खालचे ड्रॉवर, सगळं. नंतर बदलायचं तर फोडावं लागतं.

"आई, ये," सुयोग म्हणाला. "उभी राहा भिंतीला. एकदा बघू दे मला."

त्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. हात कोपरात वाकवला. सुयोग खूश होऊन फोटो काढायला लागला. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गेले चार दिवस मला नीट झोप नव्हती, चिडचिड होत होती, आणि ती स्वतःवरच होती. मी टेप गुंडाळली.

"वनमालाबाई, मी पहिल्या दिवशी एक विचारायला विसरले," मी म्हणाले. "तुम्हाला ह्या घरात रोजचा स्वयंपाक करायचाय का?"

शिवदासने दोरी खाली ठेवली. सुयोग हसला. "अहो मॅडम, हे काय विचारणं झालं?"

वनमालाबाईंनी वाकवलेला हात सरळ केला.

"नाय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?" सुयोग म्हणाला.

"म्हणजे नाय. सणावाराक करीन. तुझ्या बापाशीक पेज करून घालीन. पण रोज दोन वेळा उभी रवाचा नाय माका." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "माझे पाय दुखतत ता तू बघितलंस, झिला. लहानपणापासून बघितलंस. पण माका कंटाळो इलो काय, ता तू कधी विचारूक नाय."

सुयोगच्या हातात मोबाइल तसाच होता. त्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे.

"मग जेवण कोण करणार?" तो म्हणाला.

शब्द तोंडातून गेले आणि ते त्याच्याच कानांवर पडले. हे मला त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. त्याचे कान लाल झाले. त्याला वाईट वाटत होतं आणि रागही आलेला होता, आणि दोन्हींना त्याच्यापाशी जागा नव्हती. अठ्ठावीस वर्षं मनात धरलेली गोष्ट आईला द्यायला गेला आणि तिने ती घेतली नाही. वनमालाबाई त्याच्या मदतीला गेल्या नाहीत. मीही गेले नाही.

"मॅडम, लाइन कुठे मारू?" शिवदासने विचारलं. त्याला पुढे दुसरी साइट होती.

सुयोगने मोबाइल खिशात घातला. भिंतीशी जाऊन तो आईच्या शेजारी उभा राहिला आणि त्याने हात कोपरात वाकवला.

"माझं घ्या," तो म्हणाला.

मी टेप लावली. बेचाळीस. वजा पाच, सदतीस. श्रुतिकाला फोन लावून तिचं कोपर विचारलं. तिने बँकेतल्या कुणाकडून तरी फूटपट्टी घेऊन मोजलं, चाळीस. तिचा ओटा पस्तीसचा आला. मी दोघांच्या मधलं छत्तीस धरलं. शिवदासने दोरी ताणून सोडली आणि भिंतीवर निळी रेघ उमटली. वनमालाबाईंच्या कोपराच्याही दोन इंच वर. ड्रॉइंगवर मी जुना आकडा खोडला आणि सुयोगकडून तिथे पुन्हा सही घेतली.

चार महिन्यांनी घर ताब्यात दिलं. दूध उतू घालवायच्या दिवशी सकाळी मला बोलावणं होतं. धोंडू खिडकीजवळ आपल्या खुर्चीत बसले होते. श्रुतिकाने फळ्यांवर डबे लावले होते, तिच्या हाताला येतील असे. ओट्यावर शेगडी आणि शेगडीसमोर जमिनीवर तो जुना लाकडी पाट होता, मधोमध झिजलेला. सुयोगने तो भांडुपहून मुद्दाम आणला होता.

"आई, पहिलं दूध तूच ठेव," तो म्हणाला.

त्या पाटावर चढल्या, दूध ठेवलं आणि ते उतू जाईपर्यंत उभ्या राहिल्या. सगळ्यांनी हात जोडले. मग त्या उतरल्या. नंतर चहा सुयोगने केला. साखर जास्त पडली होती.

मी निघाले तेव्हा त्या लिफ्टपर्यंत माझ्यामागे आल्या. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला वाटलं, प्रसाद असेल. त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि ते जड लागलं. कागद एका बाजूला फाटला होता, त्यातून पाटाचा पाय दिसत होता.

"अहो, हे मला कशाला?"

"घेवन जावा," त्या हळूच म्हणाल्या आणि मागे दाराकडे बघून घेतलं. "घरात रवलो तर कोणतरी मायेन परत ओट्याकडे आणून ठेवतलो."