जावयाचा अजगर

सिंधूताईंनी परातीत उभ्या असलेल्या जावयाच्या पायांवर तांब्यातलं पाणी ओतलं, आणि खाली मान घालूनच दात आवळले. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, असं त्यांची सासू सांगून गेली होती. शेषावर निजणारा नारायण त्यांना मान्य होता. हा मात्र शेषालाच प्लॅस्टिकच्या पेटीत घालून नांदुऱ्याच्या एसटी स्टँडपासून मिरवत आला होता. पाय धुतले जात असतानाही त्याने पेटी खाली ठेवली नव्हती. भोकं पाडलेली ती पेटी अंगापासून लांब, दोन्ही हात ताठ करून धरली होती, तोंड दुसरीकडे. जशी काही देवाची पालखीच!

"पेटी आत ठेवू का?" शिवमने विचारलं. "इथं झळ लागते त्याले."

"ठेवा नं जावईबापू. तुमचंच घर आहे," सिंधूताई म्हणाल्या. आवाजात पाकातला गोडवा होता आणि मनात एकच शब्द होता, बावळट.

मेचं ऊन पत्र्यावर नुसतं कडकडत होतं. घरात कूलर एकच, तो आतल्या खोलीत. तिथे बाजेखाली अजगर विसावला आणि घरमालकीण ओसरीवर पदराने वारा घेत बसली. विषारी नाही, परदेशातला आहे, कागदपत्रं आहेत, हे सगळं त्यांना फोनवर सांगून झालं होतं. कागदपत्रं! बुलढाण्याच्या कॉलेजातला क्लार्क, पगार तो काय, अन् शौक संस्थानिकाचे.

खरी जळजळ वेगळीच होती. लग्नाच्या पाच वर्षांत लेक अश्विनी माहेरी धड दोन रात्री राहिली नव्हती. दिवाळीला आली, ती फराळ करून संध्याकाळच्या गाडीने परत. कारण काय, तर शिवमच्या सापाच्या पेटीत पाणी फवारायला घरी कोणी नाही! त्या दिवशी सिंधूताई एकट्याच चकल्या खात बसल्या होत्या. या वेळी त्यांनी पक्कं ठरवलं होतं, पोरीला निदान आठ दिवस सोडायचं नाही.

पुरणाचे धोंडे वाढताना त्यांचे कान आतल्या बोलण्याकडे होते.

"अहो, पाहा बरं किती दाखवते?" अश्विनी विचारत होती.

शिवमने पेटीवरच्या, ओलावा दाखवणाऱ्या काट्याकडे दुरूनच वाकून पाहिलं. "चाळीसच्या खाली गेलं. साठ पाह्यजे नं?"

"हाव. हवा लई कोरडी आहे इथली. कातीवर आलाय तो, डोळ्यावर कात चिकटली म्हणजे?"

झालं! म्हणजे आता संध्याकाळची गाडी. पोरगी बिचारी नवऱ्याच्या खुळासाठी घड्याळं वाचते, सिंधूताईंना वाटलं, आणि हा नंदीबैल तिला नुसतं राबवतो. त्यांनी जावयाच्या ताटात आग्रहाने आणखी एक धोंडा टाकला. तूपही सोडलं. पोटात दुखलं तर बरंच.

जेवणानंतर शिवम ओसरीवर लवंडला, अश्विनी मागे भांडी घासायला बसली. सिंधूताई बादली घेऊन कूलरमध्ये पाणी टाकायला आत गेल्या. वाळ्याच्या ताट्या रोजच्यासारख्या भिजवल्या. बादलीत पाणी उरलं होतं. त्यांनी बाजेखालच्या पेटीकडे पाहिलं. काटा अजून खालीच. एवढा ओलावाच पाहिजे ना मेल्याला? मग घे की! कोरड्या हवेची सबबच उरायला नको. त्यांनी भोकांतून तांब्यावर तांब्या ओतला आणि पेटी ओढून थेट कूलरच्या तोंडासमोर लावली.

थोड्या वेळाने आतून अश्विनीची किंकाळी आली, तशा सिंधूताई आत धावल्या.

"आई, हे कोणी केलं?"

"म्या केलं. ओलावा पाह्यजे होता नं जावईबापूले?"

"अव, ओलावा म्हणजे पाणी नोहे! गारठून मरंल तो. फुफ्फुसात सर्दी बसते त्याच्या."

आणि सिंधूताई पाहतच राहिल्या. अश्विनीने झाकण काढलं, चिखल झालेल्या भुशात दोन्ही हात घातले आणि तो दंडाएवढा जाड, तपकिरी ठिपक्यांचा जीव उचलून पोटाशी धरला. टॉवेलने ती त्याला हळूहळू टिपू लागली. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. असं मऊ बोलणं सिंधूताईंनी तिच्या तोंडून लहानपणानंतर ऐकलंच नव्हतं.

शिवम दारात उभा होता. उंबऱ्याच्या बाहेर. दोन्ही हात पाठीमागे, कपाळावर घाम.

"अहो, जरा धरा नं त्याले," सिंधूताई खेकसल्या, सगळा नारायण विसरून.

"मी... मी नाही हात लावत त्याले," तो म्हणाला. "भेव वाटते मले."



"तुहा आहे हा?" सिंधूताईंनी लेकीला विचारलं.

"हाव."

"मंग त्यायचा आहे म्हणून काऊन सांगत होती व?"

"त्यायले तू काही म्हणत नाहीस. जावई आहेत." अश्विनीने टॉवेलची कोरडी बाजू उलटली. "मले म्हटलं असतंस."

सिंधूताईंच्या कानशिलांत रक्त चढलं. सकाळपासून जावयासाठी साठवलेलं सगळं विष जिभेवर होतं, आणि आता समोर जावई नव्हता, लेक होती.

"म्हणू नाही तं काय आरती ओवाळू? पाच वर्षं झाली, घरात पाळणा नाही हालला, अन् साप खेळवत बसते! लोकाईले तोंड कसं दाखवू मी?"

अश्विनीने मान हलवली. हेच ऐकायला मिळणार हे ठाऊक असल्यासारखी. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही.

शिवम उंबरा ओलांडून आत आला. चेहरा पांढराफटक पडलेला. त्याने हात पुढे केले. "दे इकडं," तो बायकोला म्हणाला. "तू पेटी पुसून घे." टॉवेलमधला अजगर त्याने घेतला आणि डोळे गच्च मिटून उभा राहिला.

अश्विनी ओला भुसा पेटीतून बाहेर काढू लागली.

"दिवाळीले याले सोडून राह्यता नाही आलं मले," ती म्हणाली. "म्हणून या वक्ती संगच आणला. पंधरा दिवस राह्यणार होती मी तुह्यापाशी."



"मंग राह्य नं," सिंधूताई म्हणाल्या. तेही हुकूम सोडल्यासारखंच निघालं.

अश्विनीने पेटीचा तळ पुसला, कडा पुसल्या, आणि नवऱ्याकडे वळली.

"अहो, बुलढाण्याची गाडी आता असंल का?"