फरशीवरची विहीर

माझा धाकटा भाऊ विनीत याने मिरजोळ्याच्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये प्रदर्शन भरवलं. म्हणजे काय, तर फरशीवर एक भलामोठा फोटो चिकटवला, आमच्याच गावच्या चिऱ्याच्या विहिरीचा. दारातून बघितलं की फरशीत खोल विहीर दिसे. बाजूने बघितलं तर नुसता लांबट डाग. लोकांनी त्यावरून चालत जायचं. डोळे खोल म्हणतील आणि पाय सपाट म्हणतील, हीच म्हणे त्याची कला.

पण चालतंय कोण? आमची माणसं कॅलेंडरवरच्या देवालाही पाय लागू देत नाहीत. विहीर ती विहीर, असं म्हणून सगळ्यांनी चपला दाराशी काढल्या आणि भिंतीला पाठ लावून कुर्ल्यांसारखे आडवे सरकत पलीकडे गेले. हौसाकाकीने तर काठावर हळदकुंकू वाहिलं. मला हसू आवरेना, आणि विनीतचं तोंड बघून वाईटही वाटलं.

तो खरी वाट बघत होता आप्पांची. कंपनीतली नोकरी सोडून हा कॅमेरा घेऊन हिंडायला लागला, तेव्हापासून आमचे वडील त्याच्याशी कामापुरतंच बोलत. त्यांनी एकदा तरी बरं म्हणावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आप्पा आले ते नारळ घेऊन. नव्या विहिरीला नारळ द्यायलाच हवा. त्यांनी तो दारातूनच विहिरीत सोडला. नारळ टण्णकन उडाला आणि गडगडत भिंतीशी गेला.

"कोरडी हाय," आप्पा म्हणाले.

विनीतचं डोकंच फिरलं. अहो फोटो आहे, फोटो, असं ओरडत तो विहिरीत जाऊन उभा राहिला आणि वर त्याने नाचूनही दाखवलं.

आप्पा पांढरेफटक पडले. दारातच पालथे झोपले, खांद्यावरचा पंचा विहिरीत सोडला आणि त्याचं एक टोक मनगटाला गुंडाळलं.

"धर. सोडू नको."

लोक फिदीफिदी हसले. मी आप्पांना उठवायला गेले, तर मलाच म्हणाले की माझे पाय धर. मी धरले, काय करणार.

विनीत माझ्याकडे बघत राहिला. मग गुपचूप खाली बसला आणि दोन्ही हातांनी पंचा धरला. आप्पांनी ओढला. गुळगुळीत फोटोवरून विनीत सरसर काठाला आला. आप्पांनी बखोटीला धरून त्याला बाहेर काढलं.

त्यांना धाप लागली होती. बराच वेळ ते आत बघत बसले.

"खोल केलीस रे," ते म्हणाले. "माझे पाय बघ, अजून लटलटतायत."

विनीतने त्यांच्या गुडघ्यांवर हात ठेवला. ते खरंच कापत होते. आणि हा गाढव, भर प्रदर्शनात, ढसाढसा रडायला लागला.